दोन किनारे : सिंधुदुर्ग की सौराष्ट्र?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की घरात सुटीचा विषय निघतो. समुद्राकाठी जायचे, इथपर्यंत सर्वांचे एकमत असते. मतभेद सुरू होतो तो कोणत्या समुद्राकाठी, यावरून. कोल्हापूर-सांगलीपासून पुण्या-सोलापुरापर्यंतच्या जैन घरांत अशा वेळी अनेकदा दोन नावे पुढे येतात. एक, घाट उतरताच भेटणारा सिंधुदुर्ग; आणि दुसरे, मुंबई मागे टाकून सारा दक्षिण गुजरात ओलांडल्यावर लागणारे सौराष्ट्र. नातवंडांना पाण्यात खेळायचे असते, आजोबांना किल्ला पाहायचा असतो, आजीच्या मनात शत्रुंजय असतो आणि वर्षभर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुनेला, चार दिवस कोणीतरी आयते पण घरच्या नियमांत बसणारे ताट वाढावे, एवढीच अपेक्षा असते. प्रत्येकाची मागणी रास्त असते; मात्र एका सुटीत त्या सगळ्या क्वचितच मावतात.

हे दोन्ही किनारे एकाच अरबी समुद्राचे आहेत, दोन्हीकडे सूर्य पाण्यातच मावळतो. तरीही त्यांचा स्वभाव इतका भिन्न आहे की एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवणारा प्रवासी हमखास हिरमुसला होऊन परततो. म्हणून निवड करण्यापूर्वी दोहोंची ओळख नीट करून घेणे इष्ट ठरते.

ओळखीची सुरुवात दगडापासून करावी. सिंधुदुर्गात पायाखाली आणि भिंतीत जांभा दिसतो. तांबूस, सच्छिद्र असा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो. युगानुयुगे कोसळणाऱ्या पावसाने मूळ खडक धुऊन धुऊन हा जांभा घडवला आहे. आजही या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतच्या चिंचोळ्या पट्टीत नद्या, खाड्या, माडा-पोफळींच्या बागा आणि आंबा-काजूची कलमे दाटीने उभी असतात. सौराष्ट्रात पाऊस याच्या पाव हिश्श्याएवढा, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. पोरबंदरच्या परिसरातील फिकट पिवळसर दगड समुद्रातील अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांचा थर साचून बनलेला आहे. जुन्या हवेल्या, देवळे आणि धक्के त्याच दगडाचे. तेथे जमीन सपाट, आकाश मोठे आणि वारा मोकळा. गांडा बाभूळ, मिठागरे आणि क्षितिजापर्यंत पसरलेली खाजण पाहून हिरवाईला सरावलेला डोळा आधी बिचकतो. मात्र सारेच सौराष्ट्र रखरखीत आहे असेही नाही. उना-कोडीनारच्या बाजूच्या पट्ट्याला तिकडचे लोक ‘लीली नाघेर’, म्हणजे हिरवी नाघेर, असे कौतुकाने म्हणतात आणि महुव्याकडे नारळाच्या वाड्याही भेटतात.

सिंधुदुर्गाचा किनारा विजयदुर्गपासून रेडीपर्यंत सुमारे १२० किलोमीटरांचा. त्यात देवगड, कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ले अशी गावे मण्यांसारखी जवळजवळ ओवलेली आहेत. मालवणला मुक्काम ठेवला तर एका दिवसात उत्तरेकडील देवगड करून परतता येते आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडील वेंगुर्ले. कोल्हापुराहून गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटाने उतरले तर सकाळी निघालेले कुटुंब दुपारच्या जेवणाला मालवणात असते. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके किनाऱ्यापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आली.

येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण पाहून झाल्यावर बसण्यासारखे त्याहून अधिक आहे. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. तटाच्या पायात शिसे ओतल्याचे आजही सांगितले जाते. चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी आहे, ही गोष्ट नातवंडांना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक लक्षात राहते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील श्री शिवराजेश्वर मंदिरही याच किल्ल्यात आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या दोन्ही जलदुर्गांचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. किल्ल्याभोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तेथे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. देवबागेत कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदीचे संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये वाळूची जेमतेम पट्टी, असा तो संगम आहे. पहाटे किनाऱ्यावर गेले तर रापण ओढणारी माणसे दिसतात. ज्यांना जाळ्यातील मासळीची तडफड पाहवत नाही, त्यांनी ती वेळ टाळून सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी पाहायला जावे किंवा घराच्या पडवीत बसून माडांच्या झावळ्यांचा आवाज ऐकावा. तुळशीचे लग्न झाले की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी नाटके रात्रभर रंगतात. कोकणाचा आनंद असा एका जागी राहून मिळतो. रोज मुक्काम हलवणाऱ्याला तो लाभत नाही.

सौराष्ट्राचे गणित उलटे आहे. द्वारका ते पोरबंदर सुमारे १०० किलोमीटर, पोरबंदर ते सोमनाथ १३०, तेथून दीव ८५ आणि पुढे महुव्यावरून भावनगरपर्यंत आणखी २०० च्या आसपास. किनाऱ्याकिनाऱ्याने एक फेरी पुरी करायची तर पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. रस्ते रुंद आणि बहुतेक सपाट आहेत. घाटांतील वळणांनी ज्यांचे पोट ढवळते त्यांना हा प्रवास सुखाचा होतो. पण मुक्काम दर एक-दोन रात्रींनी बदलावाच लागतो. मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल रात्री सुटते आणि दुसऱ्या दिवशी द्वारकेला पोहोचवते. म्हणजे केवळ जाण्यायेण्यात दोन दिवस गेलेच. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून आखात ओलांडून भावनगरजवळच्या घोघ्याला नेणारी फेरीबोट २०२० मध्ये सुरू झाली. मोटारीसह तीत चढता येते आणि रस्त्याचा मोठा वळसा वाचतो. निघण्यापूर्वी तिच्या वेळा मात्र विचारून घ्याव्यात.

एवढे अंतर तुडवल्यावर हाती काय लागते? प्रत्येक मुक्कामाला वेगळा समुद्र. द्वारकेत गोमतीच्या घाटावरून पाच मजली मंदिराचे शिखर आणि त्यामागे पसरलेले पाणी एकत्र दिसते. ओख्यापासून बेट द्वारकेला पूर्वी होडीने जावे लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुदर्शन सेतू खुला झाल्यापासून आजी-आजोबांना मोटारीतून थेट बेटावर जाता येते. द्वारकेजवळच्या शिवराजपूरच्या किनाऱ्याला २०२० मध्ये स्वच्छतेसाठीचे आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले; पाणी निळे आणि वाळू पांढरट आहे. पोरबंदरला, जेथे १८६९ मध्ये महात्मा गांधींचा जन्म झाला, ते घर आणि त्याला लागून उभारलेले कीर्तिमंदिर आहे. गांधीजींच्या अहिंसेच्या विचारावर श्रीमद् राजचंद्रांचा किती खोल ठसा होता हे ज्यांना ठाऊक आहे, ते त्या घराच्या अरुंद खोल्यांतून जरा सावकाशच फिरतात. राजचंद्रांचा जन्मही याच सौराष्ट्रातील ववाणियाचा. सोमनाथचे आजचे मंदिर मे १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत प्रतिष्ठित झाले. दीवचा किल्ला सोळाव्या शतकातील पोर्तुगीजांचा. १९६१ च्या डिसेंबरात गोव्याबरोबरच दीवही मुक्त झाले. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी हे महुव्याचे. किनाऱ्याच्या गावांतून अशी नावे भेटत जातात आणि प्रवासाला इतिहासाची संगत मिळते.

या दोन किनाऱ्यांतील सर्वांत मोठा फरक मात्र डोळ्यांना एकदम दिसत नाही. तो भरती-ओहोटीचा आहे. मालवणला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण दोन मीटरांचे अंतर पडते. सौराष्ट्राच्या दोन्ही अंगांना दोन निमुळती आखाते आहेत, कच्छचे आणि खंभातचे. पाणी रुंद तोंडातून आत शिरते, पुढे जागा अरुंद होत जाते आणि पातळी चढत जाते. भावनगरपाशी उधाणाच्या दिवसांत हा फरक दहा मीटरांच्या आसपास पोहोचतो. अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेली प्रचंड जहाजे भरतीच्या जोरावरच काठावर चढवली जातात. कोकणातील दर्यावर्दी मोठ्या भरतीच्या दिवसांना ‘उधाण’ आणि मंद भरतीच्या दिवसांना ‘भांग’ म्हणतात. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांत तिथीची दिनदर्शिका भिंतीवर असतेच. तीच दिनदर्शिका समुद्राचेही वेळापत्रक आहे, हे या निमित्ताने मुलांना दाखवता येते.

या ओहोटीमुळेच सौराष्ट्रात समुद्रतळावरून चालता येते. जामनगरपासून सुमारे ६० किलोमीटरांवर वाडिनारजवळ नरारा आहे. कच्छच्या आखातातील हा भाग देशातील पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात येतो; त्याला तो दर्जा १९८२ मध्ये मिळाला. वनखात्याची परवानगी घेऊन, वाटाड्या बरोबर घेऊन, ओहोटी लागली की पाण्याच्या मागोमाग आत जायचे आणि भरती वळण्यापूर्वी परतायचे. घोट्याएवढ्या पाण्यात समुद्रफुले, तारामासे, खेकडे, कधी फुगणारा मासा, कधी आठ पायांचा अष्टपाद, आणि मध्ये मध्ये जिवंत प्रवाळ. येथे कशालाही हात लावायचा नाही, काही उचलायचे नाही आणि प्रवाळावर पाय पडू द्यायचा नाही. पुढे पाहून, जीव वाचवून पाऊल टाकण्याला शास्त्रात ईर्यासमिती म्हटले आहे. ती साधूंची चर्या. परंतु दहा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ समजावण्यासाठी नराऱ्याइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. मालवणच्या प्रवाळालाही हीच शिस्त लागू आहे. तेथे ते पाण्याखाली असल्याने नांगर टाकणारा होडीवाला आणि पाय टेकवणारा पोहणारा, दोघांनाही आपल्या हातून काय मोडले ते दिसत नाही एवढेच.

भावनगरजवळ कोळियाकला तर भर समुद्रात शिवलिंगे आहेत. ओहोटीला भाविक चिखलमिश्रित वाळूतून चालत निष्कलंक महादेवापर्यंत जातात आणि पाणी वळले की परततात. जामनगरजवळच्या खिजडियात बांधाच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी आहे. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात. २०२२ मध्ये रामसर यादीत आलेल्या या पाणथळीत आणि पोरबंदर शहरातल्या तळ्यावरही रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. ज्या रुक्षपणाला पहिल्या दिवशी नावे ठेवली, त्याच उघड्या भूमीमुळे इतके पक्षी इतक्या दुरून दिसतात, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ध्यानात येते.

आता ताटाकडे वळावे, कारण पुष्कळ घरांत निवड तेथेच होते. ‘कोकणात आपल्याला काय मिळणार?’ हा प्रश्न अर्धाच खरा आहे. मालवण परिसरातील बहुसंख्य खाणावळींत मासळी शिजते, हे खरे. भांडी आणि तेलही तेच असू शकते. परंतु मूळ कोकणी स्वयंपाकात शाकाहाराचा खजिना आहे. घावणे, आंबोळ्या, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, काळ्या वाटाण्याची आमटी, केळफुलाची भाजी, कच्च्या केळ्यांचे काप, हंगामात ओल्या काजूची उसळ. कांदा-लसणाचे वाटप नको, कंदमूळ नको, सोलकढीत लसूण ठेचून घालू नका, हे मुक्कामाची खोली ठरवतानाच फोनवर स्पष्ट सांगितले आणि पूर्ण शाकाहारी घर निवडले, तर अडचण उरत नाही. ऐनवेळी हॉटेलात जाऊन मागणी केली तर मात्र दहीभातावर भागवावे लागते.

तसेच ‘सौराष्ट्र म्हणजे सगळे आपलेच’ ही समजूतही तपासून घ्यावी. धर्मशाळा आणि भोजनशाळा जागोजागी आहेत, खाद्यपदार्थांच्या फलकावर ‘जैन’ हा शब्द सर्रास दिसतो आणि वाढप्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, ही मोठीच सोय. पण काठियावाडी चवीचा लसणावर फार जीव. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, शेव-टोमॅटोची भाजी यांतही तो असतो, तेव्हा सांगावे येथेही लागते. आणि वेरावळ हे देशातील मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक, तर जाफराबाद सुक्या बोंबलांसाठी प्रसिद्ध. सोमनाथाकडे जाताना वेरावळच्या धक्क्यावरून येणारा वास कोकणातील कोणत्याही बंदरापेक्षा सौम्य नसतो. समुद्राकाठी माणूस समुद्रावर जगतो; हे दोन्हीकडे सारखेच. ते पाहून नाक मुरडण्यापेक्षा आपले नियम आपण सांभाळावेत आणि यजमानांचा मान राखावा, हे प्रवासातले साधे सौजन्य आहे.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी सूर्याचा हिशेबही महत्त्वाचा. सौराष्ट्र पश्चिमेला बरेच पुढे असल्याने तेथे दिवस उशिरा सुरू होतो आणि उशिरा संपतो. डिसेंबरच्या अखेरीस मालवणला सातच्या सुमारास सूर्योदय होतो, तर द्वारकेला जवळजवळ साडेसात वाजतात. नवकारसी करणाऱ्यांचा चहा-नाश्ता तेथे सव्वाआठनंतरच. ‘सकाळी सातला गाडी’ अशी आखणी करणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. संध्याकाळी त्या दिवसांत दोन्हीकडे सहा वाजून दहा-पंधरा मिनिटांनी सूर्य मावळतो. मे महिन्यात मात्र मालवणला सातच्या आसपास आणि द्वारकेला त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटांनी. सूर्यास्त पाहण्याची वेळ आणि जेवणाची वेळ एकमेकींवर येतात, ही तक्रार नेहमी ऐकू येते. हिवाळ्यात पाचला पाने वाढून घेतली की ती मिटते. उलट इतर प्रवासी जेवणाच्या चिंतेने उठून जातात तेव्हा जेवून आलेले कुटुंब किनाऱ्यावर अंधार पडेपर्यंत निवांत बसू शकते.

ऋतूने तर निम्मा निर्णय घरी बसल्याच होतो. दिवाळीच्या सुटीत कोकण नुकतेच पावसातून न्हाऊन निघालेले असते. होड्या पुन्हा सुरू झालेल्या असतात, हवा अजून दमट पण सुसह्य असते. त्याच दिवसांत सौराष्ट्राला निघालेल्या जैन कुटुंबाने एक गोष्ट विसरू नये : चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा परंपरेने बंद असते आणि ती कार्तिकी पौर्णिमेला उघडते. म्हणजे दिवाळीनंतरचे ते दोन आठवडे पालिताण्याला जाऊन आजीला पायथ्याच्याच दर्शनावर समाधान मानावे लागेल. उघडण्याच्या दिवशी गर्दीही अफाट असते. दीवसारख्या ठिकाणी दिवाळीत गुजरातभरातून लोक लोटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा सौराष्ट्राचा खरा हंगाम. तेव्हा पक्षी असतात, थंडी असते, चालणे सुसह्य होते. त्याच काळात मालवणलाही हवा उत्तम असते. मात्र नाताळची गर्दी आणि आंगणेवाडीच्या जत्रेचे दिवस पाहून खोल्या ठरवाव्यात, कारण त्या जत्रेची तारीख दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते. मे महिना कोकणात उकाड्याचा. पण देवगडच्या हापूससाठी तो सोसणारे पुष्कळ आहेत. जूनपासून दोन्ही समुद्र माणसाला बंद. त्या दिवसांत खवळलेल्या पाण्यात उतरण्याचे धाडस कोणी करू नये.

पाण्यात उतरण्याविषयी एरवीही सावध असावे. दोन्ही किनारे उघड्या समुद्राचे आहेत. लाट परतताना पायाखालची वाळू ओढते, खाडीच्या मुखाशी प्रवाह अचानक जोर धरतो आणि ओहोटीच्या वेळी पोहणारा आत खेचला जातो. गावातील माणसाने ‘आज नको’ म्हटले की ते अखेरचे मानावे. होडीत जीवरक्षक जाकीट नसेल तर होडी सोडावी. नातवंडे पाण्यात असताना मोठ्यांपैकी एकाने तरी फोन बाजूला ठेवून त्यांच्याकडेच पाहत उभे राहावे.

एवढी माहिती हाती आल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तोच खरा कठीण. सौराष्ट्राला निघालेल्या जैन कुटुंबाची सहल बघता बघता यात्रा होते. किनाऱ्यापासून पालिताणा दूर नाही, भावनगरपासून जेमतेम ५० किलोमीटर. सोमनाथहून जुनागढ आणि गिरनारही हाकेच्या अंतरावर. मग आठ दिवसांपैकी पाच पायऱ्यांवर जातात, समुद्र मोटारीच्या खिडकीतून दिसतो आणि मुलांचा हिरमोड होतो. किंवा मुलांच्या हट्टापायी तीर्थ घाईघाईत उरकले जाते आणि आजी काही बोलत नाही, पण खंत तिच्या मनात राहते. दोन्ही वाईट. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. डोलीची सोय आहे. पण पहाटे निघून संध्याकाळपूर्वी खाली यायचे असते, वर मुक्काम नाही, अन्नग्रहण नाही. त्यासाठी पूर्ण एक दिवस आणि पुढे विश्रांतीचा एक दिवस मोकळा ठेवावाच लागतो. गिरनारला ऑक्टोबर २०२० पासून रोपवे आहे. पण तो वर अंबाजीपर्यंत नेतो आणि नेमिनाथ भगवंतांच्या मंदिरांसाठी तेथून काही शे पायऱ्या खाली उतरून यावे लागते. ‘रोपवे आहे, आता काय!’ म्हणून दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला नेणाऱ्यांनी हे उतरणे आणि पुन्हा चढणे हिशेबात धरावे.

तेव्हा निवडीची रीत अशी ठेवावी. सुटी चार-पाच दिवसांची असेल, घरात अगदी लहान मूल असेल किंवा सगळ्यांना मुख्यतः विसावा हवा असेल, तर सिंधुदुर्ग; आणि तेथे एकाच गावात मुक्काम. आठ-दहा दिवस हाताशी असतील, मुले समजत्या वयाची असतील आणि मोसम हिवाळ्याचा असेल, तर सौराष्ट्र. आणि तेथे यात्रेचे दिवस आणि समुद्राचे दिवस आधीच वेगळे आखून ठेवावेत. दोन दिवस पालिताणा, एक गिरनार, तर उरलेले दिवस द्वारका, नरारा आणि दीवच्या नावे. त्यांची अदलाबदल करू नये. खर्चाच्या दृष्टीने सिंधुदुर्गात खोल्यांवर पैसे जातात, सौराष्ट्रात वाहनावर. धर्मशाळांमुळे मुक्काम स्वस्त पडतो, पण पाचशे-सहाशे किलोमीटरांची गाडी स्वस्त पडत नाही.

या हिशेबाच्या वर मात्र आणखी एक हिशेब आहे आणि दोहोंत विरोध आला तर तोच मानावा. कोकण जवळ आहे. सकाळी घाट उतरला की दुपारी समुद्र. ते पुढच्या वर्षीही तेथेच असेल, त्यानंतरच्या वर्षीही. घरातील वडीलधाऱ्यांचे गुडघे, नजर आणि उत्साह मात्र दरवर्षी थोडे थोडे मागे सरतात. आजीने तीन वर्षांपासून एकदाच, हळू आवाजात, शत्रुंजयाचे नाव घेतले असेल आणि दर वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे उत्तर मिळाले असेल, तर या वर्षी मुलांची सुटी कार्तिकी पौर्णिमेनंतर येईल अशी योजना करावी, दोन दिवस रजा अधिक घ्यावी आणि सौराष्ट्राचे तिकीट काढावे. डोलीचे आधी ठरवून ठेवावे. यात्रेनंतरच्या विश्रांतीच्या दिवशी, आजीची हरकत नसेल तर, ओहोटीची वेळ विचारून सारे कुटुंब कोळियाकच्या काठावर जाऊन बसावे. मुलांनी परतणाऱ्या पाण्यामागे काही अंतर चालावे आणि तिने खुर्चीवर बसून ते पाहावे.

आणि आजीला शत्रुंजय आधीच घडला असेल, तिला आता केवळ नातवंडांजवळ शांत बसायचे असेल, तर तिच्यासाठी मालवणची पडवी अधिक योग्य. तेथे पायऱ्या नाहीत, रोजचे सामान बांधणे नाही, आणि पाच वाजता जेवून झाल्यावर समुद्रापर्यंतचे अंतर तिच्या पावलांना झेपेल इतकेच असते. म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी, नकाशा उघडण्यापूर्वी, आधी तिला विचारावे. आणि तिने ‘तुम्ही म्हणाल तसे’ असे उत्तर दिले, तर पुन्हा एकदा विचारावे.